डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ

व्यसनमुक्तीच्या वॉर्डातून घरी निघालेल्या पेशंटच्या कार्डावर मी जवळजवळ अकरा वर्षं एक ओळ लिहीत आलो. गोळ्यांची नावं, त्या कधी घ्यायच्या, पुढच्या तपासणीची तारीख, आणि सगळ्यांत खाली उरलेल्या दोन बोटं जागेत : ‘ए. ए. ला जाणे.’ घाई असली की नुसतंच ‘ए. ए.’. ही ओळ लिहिताना माझं पेन कधी अडखळलं नाही. गोळीचा डोस लिहिताना मी दोनदा विचार करत असे, इथे एकदाही केला नाही.

एस. टी.च्या वर्कशॉपमधला एक मेकॅनिक तिसऱ्यांदा भरती झाला, तेव्हा त्याच्या बायकोने पिशवीतून आधीची दोन्ही कार्डं काढून माझ्या टेबलावर ठेवली. दोन्हींवर माझंच अक्षर आणि तळाला तीच ओळ. मी जरा दरडावूनच विचारलं, “मीटिंगला गेला होतात का?”

“कसली मीटिंग, साहेब?”

मी ओळीवर बोट ठेवलं.

“हे होय? मला वाटलं, औषधाचं नाव आहे. मेडिकलवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, हे आपल्याकडे येत नाही, पुण्याला मिळेल.”

पुढे बऱ्याच परिषदांमध्ये मी हा किस्सा विनोद म्हणून सांगितला आणि लोक हसलेही. पण त्या दिवशी टेबलाच्या पलीकडे त्याची बायको हसली नव्हती. दोन वेळच्या भरतीचा खर्च, बुडालेला पगार आणि मधली दोन वर्षं तिच्या हिशेबात होती. माझ्या हिशेबात तो फक्त ‘सल्ला न पाळणारा पेशंट’ होता.

हे पुस्तक त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे. व्यसनमुक्ती केंद्रांतले समुपदेशक, परिचारिका, समाजसेवक आणि स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले काही जण यांनी ते मिळून लिहिलं आहे. प्रश्न वरवर साधा आहे. दवाखान्यातले उपचार आणि व्यसनी माणसांनी एकमेकांसाठी चालवलेले गट या दोन गोष्टी एकमेकींना जोडायच्या कशा? संपादकांनी माझ्याकडे प्रस्तावना मागितली, तेव्हा मी त्यांना मेकॅनिकची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, मग तिथूनच सुरुवात करा.

आधी शब्दाचं पाहू. ‘स्वमदत गट’ हा शब्द लेखकांनी टाळला, हे बरं केलं. आपल्याकडे तो उच्चारला की बचत गट, पापड आणि बँकेचं पासबुक डोळ्यांपुढे येतं. शिवाय इथे माणूस स्वतःला मदत करतो हे खरंही नाही. स्वतःला मदत करण्याचे सगळे प्रयत्न करून, देवाच्या, आईच्या आणि मुलाच्या शपथा घालून थकल्यावरच तो इथे येतो. इथे तो दुसऱ्याला मदत करतो आणि त्यातून त्याचं स्वतःचं काहीतरी सुटतं. म्हणून ‘परस्पर-आधार’. हा शब्द जरा सरकारी वाटतो, पण अर्थाला पक्का आहे.

ही उलटी वाटणारी गोष्ट कुणाला प्रथम उमगली, ते थोडं सविस्तर सांगायला हवं. १९३५ सालचा मे महिना. अमेरिकेत ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन हे टायरच्या कारखान्यांचं गाव. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी तिथे आला होता आणि ते काम फसलं होतं. दारू सोडून त्याला पाचेक महिने झाले होते. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, तिथून येणारं हसणं-खिदळणं, आणि खिशात जेमतेम पैसे. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्याने फोन उचलला आणि धर्मगुरूंना विचारत सुटला की, गावात एखादा दारुडा आहे का, ज्याच्याशी मला बोलता येईल? त्याला कुणाचा उद्धार करायचा नव्हता. स्वतः पिऊ नये म्हणून त्याला दुसरा पिणारा हवा होता.

अशा फोनाफोनीतून दुसऱ्या दिवशी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. डॉक्टरांना आदल्या दिवशीची उतरलेली नव्हती. पंधरा मिनिटांच्या बोलीवर ते आले आणि रात्री उशिरापर्यंत बसून राहिले. त्यांना उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. स्वतःची लाजिरवाणी हकिगत आधी सांगणारा हा पहिलाच. तरी मधे एकदा वैद्यकीय अधिवेशनाच्या निमित्ताने डॉक्टर घसरलेच. परत आले तेव्हा ऑपरेशन ठरलेलं, आणि हात थरथरत होते. हात स्थिर राहावेत म्हणून विल्सनने त्या सकाळी त्यांना बियरची एक बाटली दिली. ती त्यांची शेवटची दारू. १० जून १९३५ हा दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा, म्हणजे ए. ए.चा वाढदिवस मानतात, तो यामुळे. मला या गोष्टीतली बियरची बाटली महत्त्वाची वाटते. एकदम तोडली तर शरीर बंड करतं, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं, आणि पहिल्याच दिवशी बोलणं आणि वैद्यक हातात हात घालून होतं.

पुढचा प्रसंग कमी लोकांना माहीत असतो आणि आपल्या विषयाच्या तो अगदी गाभ्याशी आहे. विल्सन स्वतः न्यूयॉर्कच्या ज्या टाउन्स हॉस्पिटलात उपचार घेऊन बाहेर पडला होता, त्याच्या मालकाने त्याला नोकरी देऊ केली. इथेच बस, पेशंटांशी बोल, पगार घे. विल्सन तेव्हा कफल्लक होता आणि घर बायकोच्या पगारावर चालत होतं. खुशीत त्याने ही बातमी आपल्या गटाला सांगितली, आणि गटाने नकार दिला. तू पैसे घेऊन हेच बोलशील, तर ते हेच राहणार नाही, असा त्या नकाराचा अर्थ होता. विल्सनने ऐकलं. उपचार आणि गट यांच्यामधली ही रेघ इतक्या लवकर, आणि तीही गरिबीत असताना आखली गेली, याचं मला अजून नवल वाटतं.

पण रेघ आखली म्हणून दार बंद झालं नाही. १९३९ साली अ‍ॅक्रनच्याच सेंट थॉमस हॉस्पिटलात सिस्टर इग्नेशिया या जोगिणीने डॉ. बॉबच्या सांगण्यावरून एक दारुडा पेशंट भरती करून घेतला. कागदावर निदान लिहिलं ‘तीव्र जठरदाह’. (आपल्याकडे आजही रजेच्या अर्जाला जोडायच्या दाखल्यावर ‘पोटाचा विकार’ लिहून मागणारे आठवड्याला दोन तरी भेटतात.) हळूहळू तिथे खास वॉर्डच झाला. गटातला कुणीतरी जामीन राहिल्याशिवाय भरती नाही, आणि भेटायला येणार तेही गटातलेच. पेशंट घरी जायच्या आधीच दहा-बारा चेहरे त्याच्या ओळखीचे झालेले असत. कार्डावर ओळ लिहायची वेळच येत नसे. पुढे १९५०च्या दशकात मिनेसोटा राज्यातल्या विल्मरच्या सरकारी मनोरुग्णालयाने आणि हेझल्डन या संस्थेने दारू सोडलेल्या माणसांना समुपदेशक म्हणून डॉक्टरांच्या बरोबरीने बसवलं. आज जगभरच्या व्यसनमुक्ती केंद्रांची जी घडण दिसते, ती बरीचशी तिथली.

आपल्याकडे ए. ए. आली १९५७ साली. भारतातलं तिचं मध्यवर्ती कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केलं आणि बारा पायऱ्यांना, म्हणजे ए. ए.च्या व्यसनातून बाहेर पडण्याच्या कार्यक्रमाला, योगगुरू अय्यंगारांच्या योगाची जोड दिली. परेरा स्वतः अय्यंगारांचे शिष्य. पुण्यात अनिल अवचटांनी गर्दवर, म्हणजे ब्राउन शुगरवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांच्या देणगीतून १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. ते प्रत्यक्ष उभं केलं त्या रुग्णालयात डॉक्टर असलेल्या अनिता अवचटांनी. तिथून बरे झालेलेच पुढे तिथे कार्यकर्ते झाले, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

आपल्या वाङ्मयात मात्र याच्या उलट बाजूचं चित्र फार आधी येऊन गेलं आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त तळीरामाचं आर्य मदिरा मंडळ आहे. त्यावर प्रेक्षक हसतात, आणि हसण्यासारखंच ते आहे. पण ते पाहताना डॉक्टर म्हणून माझ्या मनात दुसरंच येतं. सनद गेलेल्या, अपमानाने पोळलेल्या सुधाकर वकिलाला त्या काळात त्या अपमानासकट सामावून घेणारी जागा कोणती होती? घर होतं, तिथे त्याला शरम वाटत होती. कोर्ट बंद होतं. उघडं दार एकच, मंडळाचं. तिथे कुणी त्याला कमी लेखत नव्हतं. दारू पिणाऱ्याला बाटली एकटी मिळत नाही, तिच्याबरोबर एक मंडळ मिळतं. आम्ही डॉक्टर बाटली काढून घेतो आणि समजतो की काम झालं. मंडळ सुटल्यामुळे संध्याकाळी सात ते नऊ हे दोन तास जे उघडे पडतात, त्यांवर गोळी नाही. मीटिंगा बहुतेक ठिकाणी नेमक्या याच वेळात भरतात.

मंडळाला उत्तर मंडळानेच द्यायचं, ही कल्पना आपल्याला अगदी परकीही नाही. गळ्यात तुळशीची माळ आली की माणूस दारूला शिवत नाही, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे लोकही त्याला आग्रह करत नाहीत. “माळकरी आहे तो” एवढं म्हटलं की पंगतीतला ग्लास आपोआप पुढे सरकतो. माझ्या पेशंटांपैकी काहींना माळेने जे दिलं, ते मी देऊ शकलो नाही. अडचण घसरल्यावर येते. माळ उतरवून खुंटीला लावलेला माणूस पुन्हा दिंडीत यायला बिचकतो, मानी असला तर येतच नाही. मीटिंगमध्ये घसरलेला दुसऱ्या दिवशी येतो, ‘आज माझा पहिला दिवस’ म्हणतो आणि त्याला चहा मिळतो. व्यसन हा उलटणारा आजार आहे हे धरूनच ती रचना केलेली आहे.

मेकॅनिकच्या त्या तिसऱ्या भरतीनंतर मी पहिल्यांदा मीटिंगला गेलो. अकरा वर्षं जिथे लोकांना पाठवत होतो, तिथे स्वतः पाऊल ठेवलं नव्हतं. महिन्यातून एकदा बाहेरच्यांना खुली सभा असते, तिला. नगरपालिकेच्या शाळेतला दुसरीचा वर्ग. बाकं इतकी बुटकी की सगळ्यांचे गुडघे हनुवटीशी आलेले. भिंतीवर बाराखडीचा तक्ता होता, त्याच्याच खिळ्याला बारा पायऱ्यांचा तक्ता अडकवलेला. कुणीतरी कटिंग चहाचे ग्लास तारेच्या जाळीतून फिरवत होतं. शेवटी एक पत्र्याचा डबा फिरला, त्यात ज्याला जमेल त्याने दहाची नोट टाकायची. मीही टाकायला गेलो, तर शेजारच्याने डबा हळूच पुढे नेला. बाहेरच्यांचे पैसे ते घेत नाहीत.

तिथे जे ऐकलं ते तिथेच ठेवायचं असतं, म्हणून बोलणाऱ्यांबद्दल सांगत नाही. ऐकणाऱ्यांबद्दल सांगायला हरकत नसावी. वॉर्डात एखादा पेशंट आपल्या घसरणीची हकिगत सांगतो तेव्हा आम्ही गंभीर चेहऱ्याने मान हलवतो आणि केसपेपरवर ‘तीव्र’ असं लिहितो. इथे नेमक्या त्या ठिकाणी लोक हसत होते. बायकोचं मंगळसूत्र, पोराची फी, पोलीस चौकीतली रात्र, यावर सगळी खोली खदखदून हसत होती आणि सांगणाराही हसत होता. आधी मला ते क्रूर वाटलं. मग लक्षात आलं की प्रत्येक जण आपल्या मंगळसूत्रावर हसतोय. कुणी “अरेरे” म्हणालं नाही, कुणी सल्ला दिला नाही. एकाचं बोलणं झालं की टाळ्या आणि पुढचा. चहाच्या वेळी एका म्हाताऱ्याने मला विचारलं, “डॉक्टर, तुम्ही किती घेत होता?” मी म्हणालो, “मी घेत नाही.” “असं होय,” तो म्हणाला, आणि माझ्याबद्दलचं त्याचं कुतूहल तिथे संपलं.

हे सगळं ठीक, पण गुण येतो का? हा प्रश्न या पुस्तकाने टाळलेला नाही आणि मीही टाळू नये. बराच काळ वैद्यकातले लोक गटांकडे भजनी मंडळाकडे पाहावं तसे पाहत. आक्षेपात तथ्यही होतं : ज्याला सोडायचीच असते तोच मीटिंगला टिकतो, मग श्रेय मीटिंगला कसं द्यायचं? अमेरिकेत प्रोजेक्ट मॅच नावाच्या मोठ्या अभ्यासात १,७२६ पेशंट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन प्रकारच्या उपचारांत वाटले गेले. त्यातला एक उपचार म्हणजे समुपदेशकाने पेशंटला पद्धतशीरपणे बारा पायऱ्यांकडे आणि गटाकडे नेणं. १९९७ मध्ये निष्कर्ष आले. हा उपचार बाकीच्या दोन मानसोपचारांच्या तोडीस तोड ठरला, आणि पूर्ण सोडण्याच्या बाबतीत थोडा पुढेच. २०२० मध्ये कॉक्रेन या पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ लोक हिशेबात धरून आढावा काढला. वर्षभरानंतर अजिबात न पिणारे, इतर उपचारांत शंभरात ३५, आणि नीट आखून ए. ए.शी जोडून देणाऱ्या उपचारांत ४२. विशेष म्हणजे २००६ सालच्या याच संस्थेच्या आढाव्यात ‘ठोस पुरावा नाही’ असं म्हणणाऱ्या मारिका फेरी या नव्या आढाव्याच्याही एक लेखिका आहेत. पुरावा बदलल्यावर मत बदलणारे शास्त्रज्ञ मला फार आवडतात.

सात टक्क्यांचा फरक लहान वाटेल. पण तो फुकट मिळतो, आणि दवाखाना बंद झाल्यावरही मिळत राहतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या पाहणीत आपल्या देशात दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं, आणि भरती होऊन उपचार मिळाला तो १८० मागे एकाला. उरलेल्यांसाठी आपण किती वॉर्ड बांधणार?

मात्र कॉक्रेनच्या त्या आकड्यातलं एक कलम नीट वाचायला हवं. गुण आला तो ‘नीट आखून जोडून देण्याला’. कार्डावर ओळ लिहिण्याला नव्हे. १९८१ सालचा एक छोटासा अभ्यास आहे, फक्त वीस पेशंटांचा. दहा जणांना गटाची माहिती, पत्ता, वेळ सांगितली आणि जा म्हटलं. बाकीच्या दहा जणांच्या बाबतीत समुपदेशकाने त्यांच्यासमोरच गटातल्या एका माणसाला फोन लावला. त्या माणसाने स्वतः पेशंटशी बोलून, ‘मी न्यायला येतो’ असं सांगितलं. दुसरे दहाच्या दहा मीटिंगला पोचले. पहिल्या दहांतला एकही गेला नाही. हा अभ्यास मी पहिल्यांदा वाचला त्या रात्री माझ्या अकरा वर्षांच्या कार्डांचा ढीग मनासमोर उभा राहिला.

जोडून देणं म्हणजे काय, यावर या पुस्तकात सगळ्यांत जास्त पानं आहेत, आणि ती तशीच असायला हवीत. कधी जोडायचं हेही त्यात आलं. दारू सुटल्यावरचे पहिले चार-पाच दिवस मीटिंगचे नसतात. हात कापतात, फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन माणूस भिंतीवरचे किडे वेचू लागतो, आणि हे जिवावर बेतू शकतं. तेव्हा गोळ्या हव्यात, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं हवीत, रात्रपाळीची जागी नर्स हवी. ब्राउन शुगरची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, काढणाऱ्याला अनुभवकथन ऐकवून काही होत नाही. एका परिचारिकेने लिहिलेलं ‘रात्रीचे तीन’ हे प्रकरण मी दोनदा वाचलं. तलफ कुठल्या घटकेला येते आणि पेशंट तेव्हा कुणाचं नाव घेतो, याची अशी नोंद मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात पाहिलेली नाही.

गोळ्या आणि गट यांचं भांडण मात्र खरं आहे आणि त्यात मी पोळलो आहे. उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा एक तरुण पेशंट, लिथियमवर छान स्थिरावलेला. दारूसाठी मी त्याला एका गटाकडे पाठवलं. तिथल्या एका ज्येष्ठाने प्रेमापोटीच सांगितलं, “गोळी म्हणजे पण नशाच रे, तीही सोड.” त्याने सोडली. तीन आठवड्यांत झोप उडाली, मोटारसायकल विकून झाली, आणि वडील त्याला दोरीने बांधून माझ्याकडे घेऊन आले. त्यानंतर सहा महिने मी कुणालाच गटात पाठवलं नाही, चिडून. नंतर कळलं की सभासदांनी डॉक्टरकी करू नये, असं ए. ए.च्या स्वतःच्या पुस्तिकेत स्वच्छ म्हटलेलं आहे. त्या ज्येष्ठाने ती वाचली नव्हती. मी तरी कुठे वाचली होती? आणि पाठवताना मी गटातल्या कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो. आता लिथियम, नालट्रेक्सोन किंवा अफूजन्य नशेसाठी ब्युप्रेनॉर्फिन चालू असेल, तर मीटिंगला जाण्याआधी पेशंटकडून एक वाक्य घोटून घेतो : ‘ही गोळी नशा नाही, माझं औषध आहे, आणि ते माझे डॉक्टर बघतात.’ घरातले लोक वरणात लपवून देतात ती ‘दारू सोडवण्याची पावडर’ याच्या नेमकी विरुद्ध टोकाला. तिच्या जाहिरातींबद्दल इथे लिहायला लागलो तर प्रस्तावना संपायची नाही.

देवाचाही प्रश्न येतोच. बारा पायऱ्यांमध्ये देव आहे, जरी ‘ज्याला जसा कळला तसा’ अशी पळवाट सुरुवातीच्या सभासदांतल्या नास्तिकांनी भांडून ठेवून घेतली असली तरी. साताऱ्यात परिवर्तन हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं ते अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी, म्हणजे महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचं काम करायला देवाचा दाखला लागत नाही, हे उघड आहे. देव नसलेले गटही आहेत. स्मार्ट रिकव्हरी १९९४ पासून मानसशास्त्राच्या आधारावर चालते, आणि आता तिच्या सभा मोबाइलवरही भरतात. १९७५ मध्ये जीन कर्कपॅट्रिक यांनी फक्त स्त्रियांसाठी वेगळा गट काढला, कारण अहंकार मोडणं ही पुरुषांची गरज असेल, पण ज्यांचा स्वाभिमान आधीच पायदळी गेलेला आहे त्या बायकांना त्याचा काय उपयोग, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल आपल्याकडे अजून नीट विचारला गेलेला नाही. संध्याकाळी सातला, तीस पुरुषांच्या खोलीत, आमच्या तालुक्यातली कोणती बाई जाऊन बसणार आहे? या पुस्तकात बायकांच्या व्यसनावर एकच प्रकरण आहे आणि ते अपुरं आहे. संपादकांना मी तसं कळवलं आहे.

पिणाऱ्यांच्या बायकांसाठी मात्र काहीतरी आहे. विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये अल-अनॉन सुरू केलं. दारुड्याच्या घरातल्या माणसांनी, दारुड्याला वगळून, आपलं आपण बसायचं. मुक्तांगणात ‘सहचरी’ हा असाच गट आहे. या गटांचं काम कळायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण माझ्या लेखी बायको म्हणजे गोळ्या वेळेवर देणारी आणि कार्डं जपून ठेवणारी व्यक्ती होती.

एका लेखाशी माझं अजिबात पटलेलं नाही, ते सांगून टाकतो. लेखकाची सूचना अशी की, मीटिंगला हजर राहिल्याची सही केंद्राने वहीत घ्यावी आणि तीन गैरहजेरींनंतर उपचार थांबवावेत. अमेरिकेत कोर्टं असल्या सह्या मागतात हे मला ठाऊक आहे. पण ज्या खोलीची सगळी ताकद ‘इथे कुणी कुणाचा साहेब नाही’ यात आहे, तिथे आपण हजेरीपट घेऊन शिरायचं? आपल्याकडे भिंतीवर बारा पायऱ्या रंगवून आत माणसांना मारहाण करणाऱ्या, नोंदणी नसलेल्या ‘केंद्रां’च्या बातम्या अधूनमधून येतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कक्षेत दारू आणि अमली पदार्थांनी होणारे मनोविकार येतात, त्यामुळे अशा ठिकाणांना नोंदणी आणि पेशंटचे हक्क हे दोन्ही लागू आहेत. सक्तीची मीटिंग आणि मारहाण यांत फरक आहे, मान्य. पण ज्या वाटेने एक जाते तीच दुसरीची सुरुवात आहे, असं मला वाटतं. लेखकाने याला उत्तर द्यावं, पुढच्या आवृत्तीत ते छापलं जाईल असं संपादकांनी कबूल केलं आहे.

बरे होऊन समुपदेशक झालेल्यांनी दोन टोप्या कशा सांभाळायच्या, यावरचं प्रकरण माझ्या मते पुस्तकातलं सर्वांत प्रामाणिक. दिवसा पगार घेऊन पेशंटशी बोलायचं आणि संध्याकाळी त्याच पेशंटच्या शेजारी बुटक्या बाकावर बसून ‘आज मला तलफ आली’ म्हणायचं, की नाही म्हणायचं? लेखक म्हणतो की, त्याने संध्याकाळची मीटिंग तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावी लावून घेतली आहे. टाउन्स हॉस्पिटलची नोकरी नाकारायला लावणाऱ्या त्या गटाला हा प्रश्न आधीच दिसला होता. उत्तर मात्र आपल्याला ज्याच्या त्याच्या गावात शोधावं लागतं.

मेकॅनिकचं पुढे काय झालं, असं परिषदांमध्ये लोक विचारतात. तिसऱ्या भरतीच्या नवव्या दिवशी मी त्याला समोर बसवून शाळेतल्या त्या म्हाताऱ्याला फोन लावला आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला. दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही, बाहेर जाऊन उभा राहिलो. शनिवारी म्हातारा स्कूटर घेऊन वॉर्डाच्या दारात आला. मेकॅनिकची बायको त्याच्याआधीच तिच्या गटात जाऊ लागली होती. चौदा महिन्यांनी भाच्याच्या लग्नात तो घसरला, चार दिवस प्यायला, पाचव्या दिवशी स्वतःच शाळेत जाऊन बसला. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

हल्ली दर मंगळवारी तो ड्यूटी सुटल्यावर वॉर्डात येतो. नखांत ग्रीस तसंच असतं. मी कोपऱ्यात स्टुलावर बसतो. नव्या पेशंटांना तो पहिली गोष्ट मेडिकलवाल्याची सांगतो, पण माझ्यापेक्षा फार रंगवून. त्याच्या सांगण्यात मेडिकलवाला आधी फ्रीज उघडून पाहतो, मग पुण्याला फोन लावतो. पेशंट पोट धरधरून हसतात. मी सांगतो तेव्हा इतके हसत नाहीत.